दुसरा पट्टा रुंद का येतो? फळमाशीच्या भ्रूणात एन्हान्सर वाचताना

प्रश्न बडोद्यात एमएस्सी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. फळमाशीचं 'ईव्हन-स्किप्ड' म्हणजे ईव्ह जनुक भ्रूणात सात पट्ट्यांत चालू होतं. तिने त्या जनुकाच्या वरच्या बाजूचा सुमारे 1.7 किलोबेसचा (किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरं) तुकडा लॅकझेड या खुणेच्या जनुकापुढे जोडून माश्या तयार केल्या. भ्रूणात लॅकझेडचा आरएनए रंगवल्यावर दुसरा पट्टा दिसतो, पण काही भ्रूणांत तो दुप्पट रुंद असतो आणि मागे सातव्या पट्ट्याच्या जागी पुसट डाग येतो. तुकडा छाटून 480 बेसचा केला तेव्हा डाग जवळजवळ गेला, पण पट्टाही फिका पडला. दोष डीएनएत आहे की रंगवण्यात, असं ती विचारते. शिवाय जायंट या दडपणाऱ्या प्रथिनाच्या डीएनएवर बसण्याच्या जागा बिघडवून पाहायच्या आहेत, त्या कशा बिघडवाव्यात?

तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत. रुंदी बहुतेक भ्रूणाच्या वयामुळे आहे. सातव्या पट्ट्याचा डाग हा दोष नाही, तो त्या तुकड्याचा खरा गुणधर्म आहे. फिकेपणाचं कारण छाटणीत किंवा जोडणीत शोधावं लागेल. पण डीएनएवर संशय घेण्याआधी वय तपासा. वय न बघता मोजलेली पट्ट्याची रुंदी काहीच सांगत नाही.

आधी हा एन्हान्सर, म्हणजे जनुक कुठे आणि केव्हा चालू व्हावं हे ठरवणारा डीएनएचा तुकडा, काय करतो ते बघू. माशीचं अंडं साधारण अर्धा मिलिमीटर लांब. आत केंद्रकं तेरा वेळा दुभागतात, पण मध्ये पेशींचे पडदे नसतात. त्यामुळे एका टोकाला तयार झालेलं प्रथिन दुसऱ्या दिशेला पसरू शकतं. आईने अंड्याच्या पुढच्या टोकाला बायकॉइडचा आरएनए ठेवलेला असतो. त्यातून तयार झालेलं प्रथिन मागे जाताना विरळ होत जातं, दर 100 मायक्रोमीटरला सुमारे एक तृतीयांशावर येतं. बडोद्यात लहेरीपुरा दरवाज्यापाशी अत्तराची कुपी फुटली तर तिथे वास झोंबेल, मांडवीपर्यंत येता येता सौम्य होईल आणि पाणीगेटला कळणारही नाही, तसंच हे. केंद्रकाला आपण अंड्यात कुठे आहोत याची पहिली खूण या दाटीवरून मिळते.

पण नुसत्या वासावरून अरुंद पट्टा निघत नाही. बायकॉइडवरच सगळं असतं तर पुढचा अर्धा भाग सलग रंगला असता. पट्टा कोरून काढतात ती दडपणारी प्रथिनं. दुसऱ्या पट्ट्याचा मूळ तुकडा जनुकाच्या सुरुवातीच्या साधारण 1.1 ते 1.55 किलोबेस वर आहे. स्टॅनोयेविच, स्मॉल आणि लेव्हीन यांनी 1991 आणि 1992 मध्ये त्यात प्रथिनं बसण्याच्या बारा जागा दाखवल्या: बायकॉइडच्या पाच, हंचबॅकची एक, क्रुपेलच्या तीन आणि जायंटच्या तीन. म्हणजे सहा जागा चालना देणाऱ्या आणि सहा रोखणाऱ्या. बायकॉइड आणि हंचबॅक पुढच्या अर्ध्या भागात जनुक चालू करायला बघतात. जायंट पुढून दाबतं म्हणून पट्ट्याची पुढची कड तयार होते, आणि क्रुपेल मधल्या पट्टीतून दाबतं म्हणून मागची. त्या दोघांच्या मधल्या फटीत, पुढच्या टोकापासून साधारण 40 टक्के लांबीवर, तीनचार केंद्रकांचा दुसरा पट्टा उरतो. पट्टा 'चालू होतो' यापेक्षा तो 'शिल्लक राहतो' हे म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं, आणि तुमच्या निकालांचा अर्थही तसाच लावा.

क्रुपेल आणि जायंट जवळच्या अंतराचेच दडपणारे आहेत. सुमारे 100 बेसच्या आत बसलेल्या चालना देणाऱ्या प्रथिनालाच ते गप्प करू शकतात. हेअरीसारखी प्रथिनं याहून लांबून दाबतात. ईव्हचे सात पट्टे वेगवेगळ्या एन्हान्सरमुळे बनतात आणि ते एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत, याचं कारण या छोट्या पल्ल्यात आहे. तिसऱ्या पट्ट्याच्या जागी क्रुपेल दुसऱ्या पट्ट्याचा एन्हान्सर बंद ठेवतं, पण तिथून दोनेक किलोबेस आणखी वर असलेल्या तिसऱ्या पट्ट्याच्या एन्हान्सरला ते हात लावू शकत नाही. त्यामुळे तुकड्यातल्या जागांची संख्या मोजून भागत नाही. कोणती जागा कुणाच्या शेजारी आहे हे महत्त्वाचं. काही क्रुपेलच्या जागा बायकॉइडच्या जागांवर चढलेल्या आहेत. तिथे दोघांपैकी एकालाच बसता येतं.

आता रुंदी. बोथमा आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये याच एन्हान्सरला एमएस-2 ची आरएनए वळणं (चमकणारं प्रथिन ज्यांना चिकटतं अशी खूण) जोडली आणि जिवंत भ्रूणात लेखन, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनणं, होताना पाहिलं. बाराव्या विभाजन-चक्रात लेखन रुंद पट्टीत सुरू होतं, तेराव्यात आणि चौदाव्यात ते आवळत जातं. सुमारे 90 मिनिटांच्या लेखनात नीट कोरलेला पट्टा फक्त 15 मिनिटांच्या आसपास टिकतो. यामागचं कारण साधं आहे. बायकॉइड आईने दिलेलं असल्याने आधीच हजर असतं, तर क्रुपेल आणि जायंट भ्रूणाला स्वतः बनवावे लागतात. सुरुवातीला ते अपुरे असतात, म्हणून फट मोठी असते. तुम्ही 2 ते 4 तासांचे भ्रूण एकत्र रंगवले तर त्या थाळीत रुंद पट्टी, आवळणारी पट्टी, नीट पट्टा आणि गॅस्ट्रुलेशन (पेशींचे थर आत वळणं) सुरू झालेले भ्रूण हे सगळं एकदम येतं. त्यात भर म्हणजे लॅकझेडचा आरएनए ईव्हच्या आरएनएपेक्षा जास्त वेळ टिकतो. लेखन थांबून गेलेल्या केंद्रकांभोवतीही आधीचा आरएनए उरतो आणि पट्टा खऱ्याहून जाड दिसतो. फ्लुरोसंट प्रोब (आरएनएला चिकटणारा चमकणारा तुकडा) वापरता येत असेल तर केंद्रकातले ठिपके मोजा. ते त्या क्षणी चालू असलेलं लेखन दाखवतात. पेशीद्रवातला रंग मागच्या अर्ध्या तासाचा इतिहास दाखवतो.

वय ठरवायला घड्याळावर विसंबू नका. माशी कधीकधी फलित अंडं पोटात धरून ठेवते, म्हणून पहिल्या तासाची थाळी टाकून द्या आणि दुसऱ्या तासापासूनची अंडी गोळा करा. मग सूक्ष्मदर्शकाखाली डीआयसीमध्ये (न रंगवता कडा उठावदार दाखवणाऱ्या प्रकाशयोजनेत) भ्रूणाची कड बघा. चौदाव्या चक्राच्या सुरुवातीला केंद्रकं गोल असतात आणि त्यांच्यामध्ये पडदा दिसत नाही. मग केंद्रकं लांबट होतात आणि पडदा बाहेरून आत शिरतो. पडदा केंद्रकांच्या मध्यापर्यंत आला तो एक टप्पा, केंद्रकांच्या खाली गेला तो पुढचा. तुमची रुंदीची मोजणी यातल्या एकाच टप्प्यातल्या भ्रूणांवर करा आणि बाजूने दिसणारेच भ्रूण घ्या. तिरके झोपलेले भ्रूण सोडून द्या, त्यांच्यात पट्टा नेहमीच जास्त जाड किंवा वाकडा दिसतो. एका टप्प्यातले वीसतीस भ्रूण मिळेपर्यंत आकडा लिहू नका. मोजमाप अंड्याच्या लांबीच्या टक्क्यांत ठेवा, मायक्रोमीटरमध्ये नाही, कारण अंड्यांची लांबी कमीजास्त असते. शक्य असेल तर त्याच भ्रूणात मूळ ईव्हचा आरएनए वेगळ्या रंगाच्या प्रोबने दाखवा. तो आतलाच मापदंड होतो. लॅकझेडची कड सरकली की नाही हे मग शेजारच्या ईव्ह पट्ट्यांवरून कळतं.

तापमानाचं विशेष सांगतो, कारण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर 42 अंश असतं. माश्यांच्या खोलीतला एसी दुपारी कमी पडला तर भ्रूणाचं घड्याळ पुढे पळतं. 25 अंशांच्या हिशेबाने 2 ते 4 तास धरलेले भ्रूण 29 अंशांना त्या टप्प्याच्या पुढे गेलेले असतात. 30 अंशांच्या वर नर वांझ होऊ लागतात आणि थाळीवर न वाढणारी अंडी जास्त पडतात. अंडी घालण्याचा पिंजरा इन्क्युबेटरमध्येच ठेवा आणि थाळीशेजारी तापमापक ठेवा. पावसाळ्यात उलटा त्रास होतो. झाकणाला पाणी धरतं आणि थाळीवर बुरशी येते, म्हणून थाळ्या वापरण्याआधी थोड्या उघड्या ठेवून कोरड्या करा.

सातव्या पट्ट्याच्या जागच्या डागाला चूक समजू नका. 1.7 किलोबेसचा लांब तुकडा दुसऱ्या पट्ट्याबरोबर सातवा पट्टाही मंद उमटवतो, हे अनेकांनी पाहिलं आहे. सातव्या पट्ट्याची माहिती एका ठिकाणी नाही. काही तिसऱ्या-सातव्या पट्ट्याच्या एन्हान्सरमध्ये आहे आणि काही दुसऱ्या पट्ट्याच्या आसपासच्या डीएनएत. यात हंचबॅकचं वागणं फार विचार करण्यासारखं आहे. दुसऱ्या-सातव्या भागात ते चालना देतं, आणि तिसऱ्या-सातव्यात तेच प्रथिन दाबतं. एखाद्या प्रथिनाला 'चालना देणारं' किंवा 'दाबणारं' असा कायमचा शिक्का मारू नये, त्याचं काम शेजारी कोण बसलं आहे यावर ठरतं. तुम्हाला फक्त दुसरा पट्टा हवा असेल तर छोटा तुकडा घ्या. जनुक प्रत्यक्षात काय करतं हे पाहायचं असेल तर लांब तुकडा जास्त प्रामाणिक आहे.

फिकेपणाकडे येऊ. 480 बेसचा तुकडा हा 'कमीतकमी लागणारा' तुकडा आहे, पुरेपूर नव्हे. छाटताना कडेच्या जागा गेल्या असतील. त्यात झेल्डा हे प्रथिन विसरू नका. ते आईकडूनच येतं, सी-ए-जी-जी-टी-ए-जी किंवा त्याच्या जवळच्या क्रमावर बसतं आणि गुंडाळलेलं डीएनए मोकळं करतं. मग बायकॉइडला कमी प्रमाणातही बसता येतं. त्याची एखादी जागा छाटणीत गेली की पट्टा उशिरा आणि फिका येतो, पण जागा बदलत नाही. ही खूण लक्षात ठेवा: जागा बरोबर, वेळ उशिरा, रंग कमी, असं असेल तर झेल्डाच्या जागा तपासा. दुसरं कारण प्रमोटर, म्हणजे लेखन जिथून सुरू होतं तो डीएनएचा भाग. 1.7 किलोबेसमध्ये ईव्हचा स्वतःचा प्रमोटर होता, छाटलेल्या तुकड्याला तुम्ही कोणता जोडला? उष्णतेने चालणाऱ्या एचएसपी-70 चा प्रमोटर आणि ईव्हचा प्रमोटर एकाच एन्हान्सरला सारखा प्रतिसाद देत नाहीत. दोन्ही तुकड्यांची तुलना करायची तर प्रमोटर आणि एन्हान्सरपासून त्याचं अंतर एकच ठेवा. नाहीतर तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या आहेत.

गुणसूत्रावरची जागाही एकच हवी. पी-एलिमेंट या उड्या मारणाऱ्या डीएनएने कुठेही घुसवलेल्या प्रती शेजारच्या डीएनएमुळे गडद किंवा फिक्या होतात, आणि हा फरक एन्हान्सरचा मानला जातो. फाय-सी-31 इंटिग्रेझ या विकराने अ‍ॅट-पी-40 किंवा अ‍ॅट-पी-2 अशा ठरलेल्या जागी बसवलेल्या प्रतीच एकमेकींशी तोला. एन्हान्सर नसलेलं नुसतं वाहकही (तुकडा ज्यात बसवला ते डीएनए) त्याच जागी बसवून बघा. त्यात डोक्याकडे काही रंग आला तर तो वाहकाचा आहे, तुमच्या तुकड्याचा नाही.

रंगवण्यात होणाऱ्या चुका सहज टाळता येतात, म्हणून थोडक्यात. लवकरच्या भ्रूणासाठी आरएनएच रंगवा. लॅकझेडचं बीटा-गॅलॅक्टोसिडेझ किंवा हिरवं चमकणारं जीएफपी हे प्रथिन तयार होऊन दिसण्याजोगं व्हायला वेळ लागतो, तोवर पट्टा हलून गेलेला असतो. अंड्याचं बाहेरचं कवच काढायला ब्लीच ताजं घ्या. बाजारात साधारण 4 टक्के हायपोक्लोराइटचं मिळतं, पण बाटली उन्हाळ्यात उघडी पडली की जोर उतरतो. निम्मं पाणी घालून दोन ते तीन मिनिटं, आणि भ्रूणावरच्या दोन शिंगांसारख्या कड्या गेल्या की लगेच धुवा, वास जाईपर्यंत. मग हेप्टेन आणि 4 टक्के फॉर्माल्डिहाइड समसमान, 20 ते 25 मिनिटं जोरात हलवत. फॉर्माल्डिहाइडच्या बाटलीत पांढरा गाळ असेल तर ती वापरू नका, त्याने स्थिरीकरण अर्धवट राहतं आणि पट्ट्याच्या कडा फिसकटतात. खालचा पाण्याचा थर काढून तेवढंच मिथेनॉल घाला आणि मिनिटभर जोरात हलवा. पडदा सुटलेले भ्रूण तळाशी बसतात. मधल्या रेषेत अडकलेले टाकून द्या, त्यांच्यात प्रोब शिरत नाही. मिथेनॉलमध्ये उणे 20 अंशांना भ्रूण महिनोन् महिने टिकतात, त्यामुळे सगळे नमुने जमवून एकाच दिवशी रंगवा.

प्रोब रात्रभर 55 ते 56 अंशांना, 50 टक्के फॉर्मामाइडमध्ये. डिगॉक्सिजेनिनच्या (प्रोबवर लावलेल्या खुणेच्या) प्रतिपिंडाचं प्रमाण 1:2000, आणि ते आधी साध्या भ्रूणांबरोबर फिरवून घ्या, म्हणजे पार्श्वरंग कमी येतो. शेवटच्या एनबीटी-बीसीआयपीच्या, म्हणजे रंग उमटवण्याच्या टप्प्यावर नजर हटवू नका. हा रंग साठत जातो. गडद केंद्रकं एका टोकाला पोचून थांबतात आणि फिकी केंद्रकं मागून भरत येतात, त्यामुळे जास्त वेळ ठेवलेला पट्टा आपोआप रुंद होतो. तुमचे रुंद पट्टे कोणत्या नळीतले आहेत ते वहीत बघा. ते एकाच नळीत गोळा झाले असतील तर दोष एन्हान्सरचा नाही. सगळ्या नळ्या एकाच वेळी सुरू करा, दर पाच मिनिटांनी बघा आणि एकाच वेळी थांबवा.

आता जायंटच्या जागा. तीनही जागा एकदम बिघडवलेली एक प्रत आणि प्रत्येक जागा वेगळी बिघडवलेल्या तीन प्रती अशा चार प्रती करा. प्रत्येक जागेच्या गाभ्यातली तीन ते चार अक्षरं बदला, ए च्या जागी सी आणि जी च्या जागी टी अशा पद्धतीने. अक्षरं काढू नका. काढलीत तर शेजारच्या जागांमधलं अंतर कमी होतं, आणि जवळच्या पल्ल्याचे दडपणारे त्यावरच अवलंबून असतात. मग काय कळलं हे सांगताच येत नाही. बदललेला क्रम दोन्ही बाजूंनी वाचून बघा. तुमच्या बदलातून टी-ए-ए-टी-सी-सी हा बायकॉइडचा क्रम नकळत तयार झाला तर पुढे पसरलेला रंग जायंट गेल्याने आला की नवीन बायकॉइडमुळे, हे ओळखता येणार नाही. झेल्डाचा क्रमही तसाच तपासा.

अपेक्षा काय ठेवावी? तीनही जागा गेल्या तर पट्टा पुढे सरकून रुंद होईल आणि गडदही होईल, पण तो थेट टोकापर्यंत जाणार नाही. पुढे स्लॉपी-पेअर्डसारखी आणखी दडपणारी प्रथिनं आहेत. रंग टोकापर्यंत गेला तर वाहकाचा किंवा रंगवण्याचा संशय घ्या. क्रुपेलच्या जागा बिघडवल्या तर मागची कड सरकते. तुमच्याकडे जायंटच नसलेल्या माश्या असतील तर मूळ, न बिघडवलेली प्रत त्यांच्यात नेऊन बघा. प्रथिन काढल्यावर आणि फक्त त्याच्या जागा काढल्यावर पट्टा सारखाच पसरला तर परिणाम थेट आहे. प्रथिन काढल्यावर जास्त पसरला तर जायंट दुसऱ्या कुणामार्फतही काम करत असणार. या दोन प्रयोगांतला फरक तुमच्या प्रबंधाचा सर्वात मजबूत भाग ठरेल.

एका बाबतीत सावध करतो. काही जणांना वाटतं की प्रजातींमध्ये जपलेला क्रमच महत्त्वाचा, म्हणून न जपलेल्या जागा बिघडवून फरक पडणार नाही. लुडविग आणि क्राइटमन यांच्या गटाने 2000 मध्ये दाखवलं की ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युराचा दुसऱ्या पट्ट्याचा एन्हान्सर क्रमाने बराच वेगळा असूनही मेलॅनोगॅस्टरमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या फळमाशीत, नीट पट्टा देतो. पण दोन्ही प्रजातींचे अर्धे-अर्धे तुकडे जोडले तर पट्टा नीट बसत नाही. प्रत्येक प्रजातीत जागा गेल्या आणि नवीन आल्या, आणि तोल आतल्या आत सांभाळला गेला. म्हणजे मेलॅनोगॅस्टरपुरती असलेली जागाही तोलाचा भाग असू शकते, तिला आधीच वगळू नका.

लेखनाच्या वेळेचा आणखी एक मुद्दा, तुमची रिपोर्टर (म्हणजे लॅकझेडची) प्रत लांबवायचा विचार असेल तर. लेखन करणारं यंत्र या भ्रूणात मिनिटाला दीड किलोबेसच्या आसपास जातं. लॅकझेड तीन किलोबेसचं, म्हणजे दोन-तीन मिनिटांत पूर्ण होतं. पण बाराव्या-तेराव्या चक्रात वेळ फार कमी असतो आणि विभाजन आलं की अर्धवट लेखन गळून जातं. नर्प्स हे जनुक आणि त्याचं भावंड नर्प्स-रिलेटेड यांत हेच घडतं. नर्प्स तीनेक किलोबेसचं आहे, भावंड मधल्या मोठ्या इंट्रॉनमुळे (प्रथिनात न उतरणाऱ्या तुकड्यामुळे) 23 किलोबेसचं. दोघांची प्रथिनं बरीच सारखी असूनही लांब जनुक या वेळेत पूर्ण होत नाही, म्हणून नर्प्सची जागा घेऊ शकत नाही, हे 1992 मध्ये दाखवलं गेलं. रिपोर्टरमध्ये लांब इंट्रॉन घालाल तर एन्हान्सर नीट असूनही लवकरच्या चक्रांत काहीच दिसणार नाही.

क्रमाने पुढे असं करा: आहे त्याच माश्यांचे भ्रूण नव्याने, टप्प्यानुसार आणि एकाच वेळेत रंगवून मोजा. त्याला आठवडा लागेल. मग छोट्या तुकड्याला 1.7 किलोबेसचाच प्रमोटर त्याच अंतरावर लावून फिकेपणा बघा. जायंटच्या प्रती त्यानंतर मागवा, आणि मागवताना न बिघडवलेली प्रतही त्याच खेपेत, त्याच जागी बसवून घ्या.